रिकाम्या जागा भरायच्या नाहीत

मे महिन्यात हवा स्वच्छ असली, की आमच्या सुकापुरातून दक्षिण क्षितिजाच्या जेमतेम वर मित्र तारा दिसतो. त्याच्या शेजारीच प्रॉक्झिमा सेंटॉरी आहे. अंतर 4.24 प्रकाशवर्षे, सूर्य सोडला तर आपल्याला सर्वांत जवळचा तारा, तरी नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. या मंद, तांबड्या ताऱ्याचे चुंबकत्व मात्र जबर आहे. त्याचे प्रभामंडल लाखो अंश तापलेले असते आणि त्यातून क्ष-किरण निघतात. ते आपल्या वातावरणातच शोषले जातात, म्हणून मोजणी अवकाशातूनच करावी लागते.

28 सप्टेंबर 2015 रोजी झेपावलेल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहावरची क्ष-किरण दुर्बीण कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेने घडवली. सोन्याचा मुलामा दिलेल्या पातळ पत्र्याचे 320 आरसे तिच्यात आहेत. तिच्या नोंदींचा संग्रह आता खुला आहे. मी घरच्या संगणकावर तो उघडतो.

पडद्यावर चित्र येत नाही, यादी येते. एक ओळ म्हणजे एक फोटॉन: कधी आला, कुठे पडला, ऊर्जा किती. ताऱ्याभोवती वर्तुळ आखून आतले फोटॉन वेळेनुसार मोजले, की आलेख तयार होतो. पण तो सलग नसतो. उपग्रह सुमारे 98 मिनिटांत पृथ्वीला एक फेरी मारतो. प्रत्येक फेरीत काही काळ तारा पृथ्वीआड जातो. दक्षिण अटलांटिकवरच्या विद्युतभारित कणांच्या पट्ट्यातली निरीक्षणेही वगळावी लागतात. उरतात बिंदूंचे पुंजके आणि मधल्या मोकळ्या जागा.

चुंबकीय रेषा तुटून नव्याने जुळल्या, की ताऱ्यावर ज्वाला भडकते. आलेख झपकन चढतो, मग सावकाश उतरतो. खरी कसोटी लागते ती चढ सुरू असतानाच नोंद तुटली तर. पुढच्या पुंजक्यात उतार दिसतो. शिखर मधे हरवलेले असते. दोन टोके जोडणारी वक्ररेषा काढायला हात शिवशिवतो. ती काढायची नाही. ज्वाला ‘निदान इतकी’ होती, एवढेच लिहायचे.

हा काटेकोरपणा हवाच. प्रॉक्झिमाभोवती 11.2 दिवसांत फिरणारा ग्रह 2016 मध्ये सापडला. त्याचे वातावरण टिकेल की उडून जाईल, हे गणित याच क्ष-किरणांच्या आकड्यांवर उभे राहते. कल्पनेने चढवलेले शिखर तिथे थेट चुकीचे उत्तर देईल. म्हणूनच ॲस्ट्रोसॅटच्या जोडीला चंद्रा आणि हबल या दुर्बिणीही या ताऱ्याकडे वळवल्या गेल्या. चंद्रा दुर्बिणीची कक्षा लांबट, त्यामुळे ती तासन् तास सलग पाहू शकते. मोकळी जागा भरायचीच असेल तर ती दुसऱ्या निरीक्षणाने भरावी.