मोठं टार्गेट दिलं की टीम पेटून उठते का?

दिवाळीत दिग्रसला घरी होतो. ओळखीतली एक ज्युनिअर भेटायला आली. पेट पास झाली आहे आणि पुढच्या महिन्यात तिला आरआरसीसमोर सिनॉप्सिस मांडायचा आहे. विषयाचं नाव होतं, ‘डेटा अॅनालिटिक्स कंपन्यांमधील तांत्रिक कर्मचाऱ्यांच्या प्रेरणेवर महत्त्वाकांक्षी नवोन्मेष उद्दिष्टांचा परिणाम’. गृहीतक एका ओळीचं होतं: उद्दिष्ट जितकं मोठं, तितकी प्रेरणा जास्त.

“दादा, विषय बरा आहे ना?”

विषय बराच आहे, पण गृहीतकात घोळ आहे. तो घोळ मी स्वतः नोकरीत असताना भोगलाय, म्हणून हा लेख. तुम्हीही मॅनेजमेंट, संख्याशास्त्र किंवा कॉम्प्युटर सायन्समधून असा विषय घेणार असाल, तर सिनॉप्सिस टाइप करायच्या आधी वाचा.

आधी त्या गृहीतकाची बाजू घेऊ, कारण ते हवेतून आलेलं नाही. एडविन लॉक यांनी १९६८ साली मांडलं की ‘जमेल तेवढं कर’ असं सांगण्यापेक्षा नेमकं आणि अवघड उद्दिष्ट दिलं तर माणूस जास्त काम करतो. त्यानंतर त्यांनी आणि गॅरी लॅथम यांनी यावर अनेक वर्षं काम केलं. लॅथम यांचा १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेला ओक्लाहोमातल्या लाकूड वाहणाऱ्या ट्रकांचा अभ्यास तर जरूर वाचा. आपल्याकडे हंगामात जिनिंगवर कापसाच्या गाड्या येतात, तसंच चित्र डोळ्यांसमोर आणा. ड्रायव्हर कायद्याने चालतं त्या वजनाच्या साधारण ६० टक्केच माल भरत होते. त्यांना सांगितलं गेलं, ९४ टक्के भरा. जादा पैसे नाहीत. पहिल्या महिन्यात प्रमाण ८० टक्क्यांवर गेलं, दुसऱ्या महिन्यात ७० वर घसरलं, आणि मग ९० च्या आसपास जाऊन टिकलं. मधली ती घसरण मला सगळ्यात आवडते. कमी भरलं तर खरंच शिक्षा होत नाही ना, हे ड्रायव्हर तपासून पाहत होते. शिक्षा झाली नाही, तेव्हा विश्वास बसला.

आता फरक बघा. ट्रक कसा भरायचा हे ड्रायव्हरला आधीच येत होतं. प्रश्न फक्त जोर लावायचा होता. डेटा अॅनालिटिक्समध्ये नवं काही शोधायचं म्हणजे कसं करायचं हेच माहीत नसतं. तिथे काय होतं? रूथ कॅन्फर आणि फिलिप अॅकरमन यांनी १९८९ साली अमेरिकी हवाई दलाच्या प्रशिक्षणार्थ्यांना विमान वाहतूक नियंत्रणासारखं काम कॉम्प्युटरवर करायला दिलं. काम अजून शिकतच होते, अशा वेळी ज्यांना आकड्याचं टार्गेट दिलं त्यांना त्याचा फायदा झाला नाही, उलट अडथळाच झाला. लक्ष मर्यादित असतं, त्यातलं थोडं ‘आपण टार्गेटच्या किती मागे आहोत’ यातच खर्च होतं. पुढे लॅथम आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अवघड, नव्या कामात ‘इतका आकडा गाठ’ यापेक्षा ‘हे करायच्या अमुक इतक्या पद्धती शोध’ असं शिकण्याचं उद्दिष्ट दिलं तर काम चांगलं होतं. म्हणजे ज्यांनी सिद्धांत मांडला त्यांच्याच पिढीने त्याची हद्दही आखली. सिनॉप्सिसमध्ये बहुतेक जण पहिला अर्धा भाग लिहितात आणि दुसरा सोडून देतात.

आता माझी गोष्ट. एमएस्सीनंतर मी पुण्यात एका अॅनालिटिक्स कंपनीत होतो. नाव महत्त्वाचं नाही. आमच्या टीमला तिमाहीचं ध्येय मिळालं: कोणता ग्राहक सोडून जाणार हे ९५ टक्के अचूकतेने सांगणारं मॉडेल. भिंतीवर पोस्टर लागलं, पिझ्झा आला, पहिले दोन आठवडे आम्ही खरंच पेटलो होतो. मग हिशेब केला. शंभरातले साधारण बारा ग्राहक सोडून जायचे. म्हणजे ‘कुणीच जाणार नाही’ असं डोळे मिटून सांगितलं तरी ८८ टक्के अचूकता फुकट! अचूकता हा मापच इथे चुकीचा होता, पण पोस्टरवर तोच होता.

दहाव्या आठवड्यात आकडा एकदम ९६ वर गेला. टाळ्या वाजल्या. त्या रात्री मी कॉलम तपासत बसलो होतो. एका कॉलममध्ये ग्राहकसेवेच्या शेवटच्या कॉलचा प्रकार होता, आणि त्यात ‘खातं बंद करणे’ हाही एक प्रकार होता. म्हणजे उत्तर प्रश्नपत्रिकेतच छापलेलं. मला दिसलं, आणि मी बोललो नाही. का? सगळे थकले होते, अप्रेझल तोंडावर होतं, आणि तिमाही संपायला बारा दिवस होते. ग्राहक कंपनीकडे मॉडेल प्रत्यक्ष चालवलं तेव्हा अर्थातच ते पडलं. दोष ज्या मुलीने मॉडेल चढवलं होतं तिच्यावर आला. तिने दोन महिन्यांत नोकरी सोडली. मी पीएचडीला आलो त्यामागे हेही एक कारण आहे, पण ते मुलाखतीत सांगितलं नाही.

त्या काळात आमची ‘प्रेरणा’ प्रश्नावलीने मोजली असती तर झकास गुण आले असते.

मग मोठी ध्येयं द्यायचीच नाहीत का? तसंही नाही. आपल्याच भागातल्या माणसाचं उदाहरण घ्या. यवतमाळहून दारव्ह्यावरून शकुंतला जिथे पोचायची त्या मूर्तिजापूर तालुक्यातलं मुरंबा हे डॉ. विजय भटकर यांचं गाव. भारताला हवा तो क्रे महासंगणक द्यायला अमेरिकेने नकार दिला होता. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि भटकरांच्या टीमला तीन वर्षं आणि सुमारे ३० कोटी रुपये मिळाले. ध्येय एक गिगाफ्लॉप, म्हणजे सेकंदाला शंभर कोटी गणिती क्रिया. १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला.

व्याख्यानांमध्ये ही गोष्ट इथेच संपते आणि टाळ्या पडतात. संशोधकाने थोडं थांबून आत बघावं. टीमने प्रोसेसर स्वतः बनवायचा हट्ट धरला नाही. ब्रिटनच्या इन्मॉस कंपनीचे बाजारात मिळणारे ट्रान्सप्युटर घेतले. ते एकमेकांना जोडायचे आणि त्या सगळ्यांवर एकच गणित वाटून चालवायचं, या भागात आपली ताकद लावली. म्हणजे ध्येय प्रचंड होतं, पण ‘माहीत नसलेला’ भाग आखून घेतलेला होता. शिवाय मापात फसवायला जागा कमी होती. यंत्र एक तर त्या वेगाने चालतं, नाही तर नाही. (कमाल वेग आणि खऱ्या कामातला वेग यात फरक असतोच, पण तो वेगळा लेख होईल.)

तरी एवढ्यावरून ‘मोठ्या ध्येयामुळे परम झाला’ असं लिहू नका. त्याच सुमारास बंगळुरूची एनएएल फ्लोसॉल्व्हरवर काम करत होती, बीएआरसी आणि डीआरडीओचेही समांतर संगणकाचे प्रयत्न चालू होते. देशात माणसं आणि ज्ञान तयार होतं, नकाराचा डंख होता, पैसा होता. एका यशस्वी केसवरून कारण ठरवता येत नाही. जी ध्येयं फसली त्यांच्यावर कुणी व्याख्यान देत नाही, त्यामुळे ती आपल्या नमुन्यात येतच नाहीत.

यावर सिटकिन आणि सहकाऱ्यांचा २०११ चा लेख शोधून वाचा. त्यांचं म्हणणं असं की अशक्यप्राय ध्येयाचा फायदा व्हायची शक्यता ज्या संस्थांना जास्त असते, म्हणजे नुकतंच यश मिळालेल्या आणि हाताशी जादा साधनं असलेल्या, त्या अशी ध्येयं घ्यायला कचरतात. ज्यांचं आधीच बिनसलेलं असतं आणि हाती काही उरलेलं नसतं, त्याच अशा ध्येयावर डाव लावतात.

मापाबद्दल नेटफ्लिक्सची स्पर्धा मला अजून शिकवते. २००६ मध्ये त्यांनी जाहीर केलं: आमच्या शिफारस पद्धतीची चूक १० टक्क्यांनी कमी करा, दहा लाख डॉलर घ्या. अंतिम निकाल ज्या डेटावर लागणार होता तो स्पर्धकांच्या गुणफलकावर दिसणाऱ्या डेटापासून वेगळा ठेवला होता. मधल्या टप्प्यांसाठी ५० हजार डॉलरची वार्षिक बक्षिसं होती, पण ती घेणाऱ्याने आपली पद्धत सगळ्यांना सांगायची. २००९ मध्ये बक्षीस गेलं. दोन टीमचा निकाल सारखाच होता आणि वीस मिनिटं आधी उत्तर पाठवणारी जिंकली. गंमत म्हणजे ते अंतिम मॉडेल जसंच्या तसं वापरात आणणं नेटफ्लिक्सला परवडण्यासारखं वाटलं नाही.

तर ज्युनिअरच्या सिनॉप्सिसचं काय केलं? ‘प्रेरणा’ हा शब्द आम्ही फोडला: कामात घातलेला वेळ, करून पाहिलेल्या नव्या पद्धती, आणि चूक दिसल्यावर ती बोलून दाखवणं. तिसरी गोष्ट तिने आधी घेतलीच नव्हती. पाचशे लोकांना गुगल फॉर्म पाठवायचा बेतही सोडला, कारण ध्येयाबद्दलही तोच माणूस सांगणार आणि प्रेरणेबद्दलही तोच. अशा उत्तरांतला सहसंबंध फुगलेला असतो. त्याऐवजी दोन-तीन कंपन्यांतल्या थोड्या टीम, वर्षभर, दर महिन्याला. काहींना आकड्याचं ध्येय असेल, काहींना शिकण्याचं, आणि मॉडेल प्रत्यक्ष वापरात गेल्यावर किती टिकलं हे कंपनीच्या नोंदीतून घ्यायचं. कंपन्या परवानगी देतील का हा मोठा प्रश्न आहे. पहिल्या दोघांनी नाही म्हटलंय, तिसऱ्यांनी गोपनीयतेच्या कराराचा मसुदा मागितलाय.

काल रात्री तिचा मेसेज आला. “दादा, गाईड म्हणतात नमुना लहान आहे, पाचशेच कर.” मी तिला सांगितलंय की ट्रकवाला पेपर प्रिंट काढून सोबत ने. त्यात मोजके ट्रक होते, पण नऊ महिने मोजले होते.