कोरोनाकाळातील बाळंतपण : मनात राहिलेली भीती आणि पुढच्या गरोदरपणाची तयारी

दुसऱ्यांदा गरोदर असलेली एक महिला तपासणीसाठी आली होती. रक्तदाब मोजून झाला, गोळ्या लिहून दिल्या. उठताना तिने विचारले, "डॉक्टर, या वेळी आईला माझ्याजवळ थांबू देतील ना?" तिचे पहिले बाळंतपण २०२० मध्ये झाले होते. त्या काळात बाळंत झालेल्या अनेक स्त्रियांच्या मनात अशी भीती अजून आहे. तुमच्या घरातही असू शकते.

त्या वेळी काय घडले?

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली. वाहने मिळेनात, नियमित तपासण्या आणि सोनोग्राफी लांबल्या. कोरोना चाचणीचा अहवाल नाही म्हणून कळा सुरू असलेल्या काही स्त्रियांना दुसऱ्या रुग्णालयात जायला सांगितले गेले. खरे तर चाचणीअभावी प्रसूती थांबवू नये, असे आयसीएमआरने मे २०२० मध्ये स्पष्ट केले होते.

दुसरीकडे चांगले कामही झाले. मुंबईच्या नायर रुग्णालयात शेकडो कोरोनाबाधित मातांची प्रसूती झाली. आशाताई घरोघरी जाऊन गरोदर स्त्रियांची विचारपूस करत होत्या. गरोदर महिलांना लस घेण्याची परवानगी मात्र जुलै २०२१ मध्ये मिळाली.

बाळाला दूर ठेवले, हा माझा दोष का?

नाही. सुरुवातीला आजाराची माहिती अपुरी होती, म्हणून काही ठिकाणी बाळाला आईपासून वेगळे ठेवले गेले. मास्क लावून, हात स्वच्छ धुऊन आईने बाळाला अंगावर पाजावे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला होता. स्तनपानाचे फायदे संसर्गाच्या धोक्यापेक्षा जास्त आहेत, हे त्यामागचे कारण. तुमचे बाळ दूर ठेवले गेले असेल किंवा दूध कमी आले असेल, तर त्यात तुमची चूक नव्हती. घरच्यांनीही "झालं गेलं, विसर आता" असे म्हणण्याऐवजी तिचे बोलणे शांतपणे ऐकून घ्यावे.

या वेळी काय कराल?

- मागच्या बाळंतपणात काय झाले, हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. भीती वाटते, हेही सांगा.
- प्रसूतीच्या वेळी सोबत कोण थांबू शकेल, हे रुग्णालयात आधीच विचारा. सरकारी रुग्णालयांतही जवळच्या स्त्री नातेवाइकाला सोबत राहू देण्याचे धोरण आहे. ओळखीचे माणूस जवळ असले की धीर येतो, कळा सोसणे सोपे जाते.
- सातव्या महिन्यापर्यंत रुग्णालय, वाहन आणि पर्यायी रुग्णालय ठरवा. सरकारी रुग्णालयात जायचे असल्यास मोफत वाहनासाठी १०२ क्रमांक लक्षात ठेवा.
- सर्व अहवाल एकाच फाइलमध्ये ठेवा आणि मोबाइलमध्ये त्यांचे फोटो काढून ठेवा.

या लक्षणांसाठी थांबू नका

अंगावरून रक्त जाणे, पाणी जाणे, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, झटके, धाप लागणे, ताप किंवा बाळाची हालचाल कमी होणे, यांपैकी काहीही जाणवले तर लगेच रुग्णालयात जा. साथ सुरू असली तरी हे दुखणे अंगावर काढू नका. फोनवरच्या सल्ल्याने रक्तदाब मोजला जात नाही किंवा पोट तपासले जात नाही.

मनाचीही तपासणी हवी

बाळंतपणाच्या आठवणीने झोप उडणे, सतत रडू येणे, बाळाविषयी काहीच न वाटणे हे दोन आठवड्यांहून जास्त टिकले, तर डॉक्टरांना भेटा. टेलि-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावरही बोलता येते. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील, तर तिला एकटे सोडू नका, त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

त्या महिलेला मी म्हटले, "पुढच्या भेटीला आईलाच घेऊन या, तिघे मिळून ठरवू." तुम्हीही पुढच्या तपासणीला जाताना, प्रसूतीच्या वेळी जे माणूस जवळ हवे आहे, त्यालाच सोबत न्या.