पी०१७१ : दिवा लागला म्हणजे नेमकं काय मोजलं गेलं?

गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला की कोड येतो पी०१७१, म्हणजे ‘सिस्टीम टू लीन’. बऱ्याचदा पुढचं वाक्य ठरलेलं असतं: “ऑक्सिजन सेन्सर गेलाय, बदलून टाकू.” काही हजार रुपये जातात आणि आठवड्याभरात दिवा परत हजर! पीएचडीच्या तयारीला लागलेल्यांनी हा प्रकार नीट बघावा असं मला वाटतं. मोजलेली गोष्ट आणि काढलेला निष्कर्ष यांतलं अंतर इथे फार स्वच्छ दिसतं.

आधी यंत्रणा. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते. हवा जास्त झाली की मिश्रण लीन, पेट्रोल जास्त झालं की रिच. सायलेन्सरच्या वाटेवर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी झिर्कोनियाचा सेन्सर असतो. मिश्रण रिच असेल तर तो ०.९ व्होल्टच्या आसपास दाखवतो, लीन असेल तर ०.१ च्या. (नर्न्स्टचं समीकरण बारावीनंतर कुठे उपयोगी पडतं असं विचारणाऱ्यांसाठी: इथे.) हे बघून कॉम्प्युटर इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते सतत दुरुस्त करतो. या दुरुस्तीच्या टक्केवारीला फ्युएल ट्रिम म्हणतात. तात्पुरती ती शॉर्ट टर्म, शिकून लक्षात ठेवलेली ती लाँग टर्म. ट्रिम अधिक असेल तर कॉम्प्युटर जादा पेट्रोल टाकतोय. ही बेरीज मर्यादेबाहेर गेली, अनेक गाड्यांत साधारण २० ते २५ टक्क्यांच्या पुढे, की पी०१७१ नोंदला जातो.

म्हणजे कोड एवढंच सांगतो की दुरुस्ती फार मोठी करावी लागतेय. का, ते तो सांगत नाही. शिवाय सेन्सर पेट्रोल मोजतच नाही, उरलेला ऑक्सिजन मोजतो. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगीच पडली नाही, तर न जळलेलं पेट्रोल आणि न वापरलेला ऑक्सिजन दोन्ही बाहेर येतात, आणि सेन्सर म्हणतो ‘लीन’! सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला बारीक चीर असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते. उत्तर तेच. दोन्ही वेळा सेन्सर ठणठणीत असतो.

मग कारण कसं वेगळं काढायचं? इंजिन गरम करून ट्रिम दोन ठिकाणी बघा: आयडलला आणि २५०० आरपीएमला. समजा आयडलला एअरफ्लो सेन्सरने सेकंदाला ३ ग्रॅम हवा मोजली आणि फाटक्या व्हॅक्यूम पाइपातून ०.६ ग्रॅम चोरून आली. ट्रिम २० टक्के. रेस वाढवल्यावर मोजलेली हवा १२ ग्रॅम झाली, चोरटी साधारण तेवढीच राहिली. ट्रिम ५ टक्के. म्हणून रेस वाढवल्यावर ट्रिम खाली आला तर हवेच्या गळतीचा संशय घ्यायचा आणि धुराच्या मशीनने खात्री करायची. उलट, आयडलला ठीक आणि चढावर, लोडवर ट्रिम चढत गेला, तर कमजोर फ्युएल पंप, तुंबलेला फिल्टर किंवा मळलेला एअरफ्लो सेन्सर यांच्याकडे वळायचं.

पण या युक्तिवादात एक गृहीतक दडलंय: गाडी येणारी हवा थेट मोजते. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्या मॅनिफोल्डमधला दाब मोजून हवेचा हिशोब करतात. तिथे चोरट्या हवेनेही दाब वाढतो, म्हणजे तीही हिशोबात धरली जाते. ट्रिम फारसा हलत नाही, आयडल मात्र चढलेलं राहतं. त्यामुळे इंटरनेटवरची परदेशी गाडीची पद्धत जशीच्या तशी लावण्याआधी आपल्या गाडीत कोणता सेन्सर आहे ते बघा.

दुसरी गोष्ट बेसलाइनची. इथेनॉलला वजनाने फक्त ९ पट हवा लागते. ई१० साठी जुळवलेल्या गाडीत ई२० भरलं तर त्याच हवेला साधारण ४ टक्के जास्त इंधन लागतं, तेही आयडल आणि २५०० दोन्हीकडे जवळपास सारखंच. एवढी अधिक ट्रिम दिसली म्हणून काही बिघडलंय असं नाही.

रिचचा कोड पी०१७२. गळका इंजेक्टर, उघडा अडकलेला पर्ज व्हॉल्व्ह, वाढलेलं फ्युएल प्रेशर हे तिथले नेहमीचे संशयित, आणि तपासाची रीत तीच.

एक विनंती. कोड पुसण्याआधी स्कॅनरच्या स्क्रीनचा फोटो काढा. कोड नोंदला गेला त्या क्षणाचा आरपीएम, लोड, इंजिनाचं तापमान ‘फ्रीझ फ्रेम’मध्ये साठवलेलं असतं. कोड पुसला की ते जातं, आणि बहुतेक गाड्यांत शिकलेला लाँग टर्म ट्रिमही शून्यावर येतो. दिवा स्थिर असेल तर एवढं करायला वेळ असतो. लुकलुकत असेल तर मिसफायर इतका आहे की कन्व्हर्टर जळू शकतो. तेव्हा रेस कमी करून गाडी सुरक्षित जागी थांबवा, मोजमाप नंतर.