गुन्हानाट्य, अधमनायकप्रधान

गुन्हानाट्य, अधमनायकप्रधान : नैतिक दृष्ट्या किळसवाण्या व्यक्तीस मध्यवर्ती ठेवून तिच्या गुन्ह्याचे संयत चित्रण करणारा नाटकाचा वा चित्रपटाचा प्रकार. रहस्यप्रधान कृतीत गुन्हेगार कोण, हे शेवटपर्यंत गुप्त राखलेले असते. या प्रकारात ते बहुधा आरंभीच ज्ञात असते व प्रेक्षकास त्या व्यक्तीच्या सहवासात राहावे लागते. तिच्यासमोर तुल्यबळ सद्‌गुणी नायक नसल्याने ती रूढ अर्थाने खलनायकही ठरत नाही. हिंसा शक्यतो सूचित करणे, भडक पार्श्वसंगीत टाळणे आणि गुन्ह्याचे कोणतेही एक सोपे कारण न देणे, ही या प्रकाराची प्रमुख वैशिष्ट्ये होत. त्यांमुळे थराराचे सुख व सहानुभूतीचे समाधान ही दोन्ही प्रेक्षकास नाकारली जातात आणि निवाड्याची जबाबदारी त्याच्यावर येते.

भरताच्या नाट्यशास्त्रात उत्तम, मध्यम व अधम अशा तीन प्रकृती सांगितल्या आहेत. तथापि अधम प्रकृतीच्या पात्रास नायकपद देण्याची प्रथा संस्कृत रंगभूमीवर नव्हती. शूद्रकाच्या मृच्छकटिकात शकार हा वसंतसेनेचा गळा आवळतो व तो आळ चारुदत्तावर घालतो. परंतु नाटक चारुदत्ताचेच राहते. वसंतसेना वाचते आणि न्यायाची पुनःस्थापना होते.

गुन्हेगाराच्याच तोंडून त्याची कथा सांगण्याचे एक ठळक उदाहरण दख्खनशी निगडित आहे. निजामाच्या सेवेतील अधिकारी फिलिप मेडोज टेलर याच्या कन्फेशन्स ऑफ अ ठग (१८३९) या इंग्रजी कादंबरीतील अमीर अली हा ठग आपण केलेल्या ७१९ खुनांची हकिकत शांतपणे व काहीशा अभिमानाने सांगतो. तिच्या कथानकाचा काही भाग अमरावतीच्या परिसरात घडतो. हल्लीच्या वाशीम जिल्ह्याचा प्रदेशही त्या काळी निजामाच्या अंमलाखालील वऱ्हाडातच मोडत होता. वाटसरूंचा विश्वास संपादन करणारा सुसंस्कृत सोबतीच मारेकरी निघावा, यात या कथेची भेदकता आहे.

मराठी रंगभूमीवर विजय तेंडुलकर यांनी अशा व्यक्तींना केंद्रस्थान दिले. सखाराम बाइंडर (१९७२) या नाटकाचा नायक टाकलेल्या स्त्रियांना आपल्या अटींवर घरात आश्रय देतो आणि अखेर त्यांपैकी चंपा हिचा खून करतो. प्रेत घरातच पुरून टाकण्याचा मार्ग धर्मभीरू लक्ष्मी सुचविते. या शांत शेवटामुळे अपराधाचे वर्तुळ एकट्या सखारामापुरते मर्यादित राहत नाही. कमलाकर सारंग यांनी दिग्दर्शित केलेल्या या नाटकात सखारामाची भूमिका निळू फुले यांनी, तर चंपाची लालन सारंग यांनी केली. परिनिरीक्षण मंडळाने घेतलेल्या आक्षेपांविरुद्ध सारंग यांना मुंबई उच्च न्यायालयात दाद मागावी लागली व तेथे त्यांना यश मिळाले.

वास्तव गुन्ह्यांवर आधारलेल्या कृतींत हा प्रश्न अधिक नाजूक होतो. पुण्यात जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात १० व्यक्तींचे खून झाले. त्यांबद्दल कलाशिक्षण घेणाऱ्या चार तरुणांना १९८३ मध्ये फाशी देण्यात आली. राजदत्त दिग्दर्शित माफीचा साक्षीदार (१९८६) हा चित्रपट या घटनांवर आधारित असून त्यात नाना पाटेकर यांनी प्रमुख गुन्हेगाराची भूमिका केली. मुंबईत १९६८ मध्ये पकडल्या गेलेल्या रामन राघव या खुन्यावर श्रीराम राघवन यांनी १९९१ मध्ये एक लघुपट केला. रघुवीर यादव यांच्या अभिनयाने त्यातील खुनी भयंकर, पण सामान्य माणूस म्हणून समोर येतो. मनोविकारामुळे रामन राघव याची फाशी १९८७ मध्ये रद्द होऊन त्यास जन्मठेप झाली.

पाश्चात्त्य चित्रपटांपैकी फ्रिट्‌स लांगचा एम (१९३१) व रिचर्ड फ्लायशरचा टेन रिलिंग्टन प्लेस (१९७१) हे उल्लेखनीय होत. दुसऱ्या चित्रपटात जॉन क्रिस्टी हा मृदुभाषी खुनी आहे. त्याच्या साक्षीमुळे टिमथी एव्हान्स या शेजाऱ्यास १९५० मध्ये फाशी झाल्याची सत्यघटना चित्रपटात कोणताही आक्रोश न करता मांडलेली आहे. एव्हान्सला १९६६ मध्ये मरणोत्तर माफी देण्यात आली.

अशा कृतींमुळे गुन्हेगारास प्रसिद्धी मिळते व बळींचे नातेवाईक दुखावतात, हा आक्षेप निराधार नाही. बळी पडलेल्यांना नावगाव आणि जीवन न देता त्यांची केवळ संख्या सांगणारी कृती गुन्हेगाराच्याच दृष्टीचा स्वीकार करते, मग तिची शैली कितीही संयत असो. याउलट त्यांचे माणूसपण जपणाऱ्या कृतीत अधम नायक मध्यवर्ती असूनही त्याचे उदात्तीकरण होत नाही. या प्रकारातील कृतींचे मूल्यमापन करताना हा भेद ध्यानी घेणे आवश्यक ठरते.