कॅनडाच्या छोट्या बँडना अमेरिकेची सीमा महाग का पडते?

व्हँकूव्हरच्या एखाद्या बँडला स्वदेशातील कॅलगरी गाठायचे तर रॉकी पर्वत ओलांडून सुमारे ९७० किलोमीटरचा प्रवास करावा लागतो. अमेरिकेतील सिएटल मात्र अवघ्या २३० किलोमीटरवर आहे. विनिपेगहून टोरांटो दोन हजार किलोमीटरहून दूर, तर अमेरिकेतील मिनियापोलिस त्याच्या साधारण एक तृतीयांश अंतरावर. कॅनडाची बहुसंख्य लोकवस्ती दक्षिण सीमेलगतच्या पट्ट्यात राहते. त्यामुळे नकाशा पाहिला तर तेथील छोट्या बँडचा दौरा स्वाभाविकपणे दक्षिणेकडे वळायला हवा.

प्रत्यक्षात ही सीमा ओलांडण्यासाठी या कलाकारांना अनेक महिने आधी अर्ज, शुल्क आणि पुराव्यांची जुळवाजुळव करावी लागते. पाठीशी मोठी ध्वनिमुद्रण कंपनी नसलेले, स्वतःच व्हॅन चालवणारे आणि स्वतःच वाद्ये उतरवणारे असे हे स्वतंत्र बँड असतात. नामवंत गायकाच्या ताफ्याला आणि त्यांना लागू होणारे नियम मात्र बहुतांशी एकच आहेत.

आधी कार्यक्रम की आधी परवानगी?

कॅनडाच्या नागरिकाला पर्यटक म्हणून अमेरिकेत जाण्यासाठी सामान्यतः व्हिसा लागत नाही. तथापि मानधन घेऊन गाणे-वाजवणे हे अमेरिकी कायद्यानुसार काम ठरते आणि त्यासाठी वेगळी मंजुरी आवश्यक असते. तिचे काही प्रकार आहेत. आंतरराष्ट्रीय ख्याती असलेल्या समूहांसाठी ‘पी-१’ आणि असामान्य कर्तृत्व असलेल्या व्यक्तींसाठी ‘ओ-१’. नवख्या बँडला ख्यातीचा पुरावा देणे अर्थातच कठीण. अशांसाठी उपयोगी पडतो तो ‘पी-२’ हा प्रकार. दोन देशांतील कलाकारांच्या परस्पर देवाणघेवाणीसाठी तो आहे. अमेरिका व कॅनडा या दोन्ही देशांत कार्यरत असलेल्या ‘अमेरिकन फेडरेशन ऑफ म्युझिशियन्स’ या संघटनेमार्फत तो मिळतो. त्यासाठी बँडच्या सदस्यांना संघटनेचे सभासदत्व घ्यावे लागते.

अर्जासोबत दौऱ्याचा कार्यक्रम द्यावा लागतो : कोणत्या तारखेला, कोणत्या गावी, कोणत्या सभागृहात, आणि त्याबाबतचे करार. म्हणजे परवानगी मिळण्यापूर्वीच कार्यक्रम ठरलेले असले पाहिजेत. दीडशे श्रोत्यांची जागा चालवणारा मालक मात्र पुढच्या मोसमातील तारखा इतक्या आधी निश्चित करण्यास सहसा तयार नसतो. मोठ्या कलाकारांचे दौरे वर्षभर आधी ठरतात. त्यामुळे ही अट त्यांना जाचत नाही. छोट्यांची कोंडी येथूनच सुरू होते.

शुल्काचे गणित

१ एप्रिल २०२४ पर्यंत या अर्जाचे शुल्क ४६० अमेरिकी डॉलर होते. त्या दिवसापासून ‘पी’ वर्गासाठी ते १,०१५ डॉलर झाले आणि त्यावर आश्रयविषयक कार्यक्रमासाठी ६०० डॉलरचा अधिभार आला. एकूण रक्कम १,६१५ डॉलर, म्हणजे पूर्वीच्या साडेतीनपट. अर्ज करणारी संस्था पंचवीस किंवा त्याहून कमी कर्मचाऱ्यांची असेल तर ही रक्कम ८१० डॉलरवर येते, आणि ना-नफा संस्थेला अधिभार माफ असल्याने ५१० डॉलर पडतात. याच बदलाने एका अर्जात समाविष्ट होणाऱ्या व्यक्तींची संख्या पंचवीसवर मर्यादित केली. मोठ्या गायनवृंदांना तेव्हापासून एकाहून अधिक अर्ज करावे लागतात.

अर्जाचा निकाल वेळेत न लागल्यास जलद छाननीचा मार्ग आहे. त्यासाठी २०२४ मध्ये २,८०५ डॉलर अधिक मोजावे लागत. उदाहरणादाखल, चौघांच्या बँडने प्रत्येकी ३०० डॉलर मानधनाचे दहा कार्यक्रम ठरवले, तर एकूण कमाई तीन हजार डॉलर होते. जलद छाननी घ्यावी लागली की पेट्रोल, जेवण, मुक्काम यांचा विचार होण्यापूर्वीच ती कमाई संपते. पुन्हा हे पैसे दौऱ्याआधी द्यायचे असतात आणि अर्ज फेटाळला गेला तरी परत मिळत नाहीत.

व्हॅनमधील प्रत्येकाची गोष्टही सारखी नसते. ध्वनिव्यवस्था सांभाळणारा सहकारी वादक नसल्याने त्याच्यासाठी सहायक म्हणून स्वतंत्र अर्ज आणि स्वतंत्र शुल्क लागते. त्यामुळे अनेक छोटे बँड त्याला घरीच ठेवून स्थानिक तंत्रज्ञावर भिस्त ठेवतात. कॅनडाच्या नागरिकाला मंजुरीचे पत्र थेट सीमेवर दाखवता येते. मात्र बँडमधील एखादा सदस्य कॅनडात कायम वास्तव्याला असला तरी त्याचे पारपत्र भारतीय असेल, तर मंजुरीनंतर त्याला अमेरिकी वकिलातीत मुलाखत देऊन व्हिसाही घ्यावा लागतो. एका वादकाच्या मुलाखतीची तारीख हुकली की साऱ्या बँडचा दौरा अडतो.

‘आम्ही पैसे घेत नाही’

एवढा खटाटोप टाळण्यासाठी पर्यटक म्हणून जाऊन विनामानधन वाजवण्याचा मोह होतो. केवळ आपली कला दाखवण्यापुरत्या सादरीकरणाला काही मर्यादित परिस्थितीत मुभा आहेही. परंतु तिची हद्द कोठे संपते, हे शेवटी सीमेवरील अधिकारी ठरवतो. मार्च २०१७ मध्ये इटलीचा ‘सोव्हिएट सोव्हिएट’ हा बँड ऑस्टिन येथील ‘साउथ बाय साउथवेस्ट’ महोत्सवासाठी निघाला होता. तो सिएटल विमानतळावर उतरला. आपले कार्यक्रम प्रसिद्धीसाठी आणि विनामानधन आहेत, असे बँडचे म्हणणे होते. ते अधिकाऱ्यांनी मान्य केले नाही. कलाकारांची चौकशी झाली, त्यांना रात्र कोठडीत काढावी लागली आणि नंतर मायदेशी परत पाठवण्यात आले. श्रोत्यांकडून तिकिटाचे पैसे घेतले जात असतील, तर वादकाने काही घेतले नाही हा युक्तिवाद पुरेसा ठरेलच असे नाही, हे या प्रकरणातून दिसले.

टी-शर्ट, गिटार आणि कर

मंजुरीचे पत्र हाती असले तरी सीमा नाक्यावर व्हॅनमधील सामानाचा प्रश्न उरतो. वाद्ये परत आणायची असल्याने त्यांच्या अनुक्रमांकांसह यादी करून निघण्यापूर्वीच स्वदेशाच्या सीमाशुल्क विभागाकडून शिक्का घेणे हिताचे असते. अन्यथा परतताना तीच गिटार परदेशात विकत घेतली नाही, हे सिद्ध करण्याची वेळ येते.

विक्रीसाठी नेलेल्या टी-शर्टचे मात्र वेगळे आहे. छोट्या बँडला तिकिटांपेक्षा टी-शर्ट आणि ध्वनिमुद्रिका विकून अधिक मिळकत होण्याचे प्रसंग पुष्कळ येतात. हा व्यापारी माल असल्याने तो जाहीर करून त्यावरील शुल्क भरावे लागते. त्यात शर्ट कोठे छापला यापेक्षा कोठे शिवला याला महत्त्व असते. बांगलादेशात शिवून टोरांटोत छापलेला शर्ट कॅनडाचा ठरत नाही. म्हणून अनेकजण अमेरिकेतच शर्ट छापून घेऊन दौऱ्याच्या पहिल्या गावी ते ताब्यात घेतात.

गिटारच्या लाकडाचाही संबंध येतो. भारतीय शिसवीसह त्या कुळातील सर्व झाडांचे लाकूड २०१७ च्या आरंभी दुर्मीळ वन्यजीव व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय कराराच्या नियंत्रणाखाली आले आणि वादकांत मोठा गोंधळ उडाला. २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली. ब्राझीलच्या शिसवीला ती नाही. तिच्यावर १९९२ पासून कडक निर्बंध आहेत. त्या लाकडाची जुनी गिटार घेऊन जाणाऱ्याला तिच्यासाठी प्रमाणपत्र घ्यावे लागते.

अखेरीस कर. परदेशी कलाकाराच्या एकूण मानधनातून, खर्च वजा न करता, ३० टक्के रक्कम कापून घेण्याचा अमेरिकेचा नियम आहे. वर्षाला १५,००० डॉलरपर्यंतच्या मिळकतीला दोन देशांतील करकरारानुसार सूट मिळते. मात्र त्यासाठी अमेरिकी करदाता क्रमांक आणि योग्य अर्ज हवा. तो नसल्यास कापलेले पैसे पुढच्या वर्षी विवरणपत्र भरून परत मागावे लागतात.

उलट्या दिशेने

अमेरिकी बँडला कॅनडात येणे तुलनेने सोपे आहे. अल्पकाळासाठी येणाऱ्या कलाकारांना तेथे बहुधा कामाचा परवाना लागत नाही. कार्यक्रमाचे करार दाखवणे पुरते. जुलै २०१३ मध्ये मात्र कॅनडाने तात्पुरत्या परदेशी कामगारांचे नियम कडक केले. त्यात बार व उपाहारगृहांत वाजवणाऱ्या वादकांच्या अर्जासाठीही माणशी २७५ कॅनेडियन डॉलर शुल्क लागू झाले. सभागृहे व महोत्सव त्यातून वगळलेले होते. फटका बसला तो छोट्या जागांना आणि तेथे वाजवणाऱ्या छोट्या बँडना. विरोधाच्या अर्जावर लाखाहून अधिक सह्या झाल्या आणि २०१४ मध्ये अशा वादकांना त्या अटीतून मुक्त करण्यात आले.

एक अडसर तेवढा राहिला आहे. मद्यपान करून वाहन चालवण्याचा गुन्हा डिसेंबर २०१८ पासून कॅनडात गंभीर मानला जातो. त्यामुळे करार, वाद्ये आणि कागदपत्रे सारे बिनचूक असूनही एका सदस्याची जुनी शिक्षा सीमेवर निघते, त्याला माघारी पाठवले जाते, आणि उरलेल्या तिघांना त्या रात्रीचा कार्यक्रम त्याच्याविना करायचा की रद्द करायचा, हे नाक्यावरच ठरवावे लागते.