पाचवा सुवर्णवीर : हॉवर्ड डेव्हिस

१९७६च्या माँट्रिऑल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या पाच बॉक्सरांनी सुवर्णपदकं जिंकली : शुगर रे लेनर्ड, मायकेल आणि लिऑन हे स्पिंक्स बंधू, लिओ रँडॉल्फ आणि लाइटवेट गटातला २० वर्षांचा हॉवर्ड डेव्हिस. स्पर्धेतल्या सर्वोत्तम बॉक्सरचा व्हॅल बार्कर करंडक मिळाला तो डेव्हिसला, लेनर्डला नव्हे. स्पर्धेच्या तोंडावर त्याची आई गेली होती, तरीही तो रिंगमध्ये उतरला. संघात जागा मिळवताना त्याने एरन प्रायरला हरवलं होतं, आणि प्रायर पुढे जगज्जेता झाला!

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये मात्र विश्वविजेतेपदाच्या तिन्ही लढती डेव्हिस हरला. १९८०मध्ये ग्लासगोत जिम वॉटने त्याला गुणांवर हरवलं. १९८४ची एडविन रोसारिओविरुद्धची लढत सर्वांत जिव्हारी लागणारी. शेवटच्या फेरीच्या अखेरच्या क्षणांत डेव्हिस खाली पडला आणि पंचांचा कौल दोन विरुद्ध एक असा विरोधात गेला. १९८८मध्ये बडी मॅकगर्टने पहिल्याच फेरीत त्याला गारद केलं. हात विजेसारखे चपळ, पण एका ठोशात लढत संपवण्याची ताकद कमी. माझ्या मते खरी उणीव तीच. त्या पाच जणांत व्यावसायिक जगज्जेतेपद न मिळालेला तो एकटाच.