ग्राफिक्स कार्ड आणि वीजपुरवठा संचाची सुसंगतता

डेस्कटॉप संगणकात नवे ग्राफिक्स कार्ड बसवण्यापूर्वी त्यातील वीजपुरवठा संच त्या कार्डाला पुरेशी व योग्य वीज देऊ शकतो की नाही, याच्या पडताळणीस सुसंगततेची तपासणी म्हणतात. 'एसएमपीएस' या नावाने परिचित असलेला हा संच २३० व्होल्टच्या घरगुती प्रत्यावर्ती प्रवाहाचे १२, ५ व ३.३ व्होल्टच्या दिष्ट प्रवाहात रूपांतर करतो. आधुनिक ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सर्व वीज १२ व्होल्टच्या वाहिनीवरून घेते. त्यामुळे संचावर ठळक छापलेला एकूण वॅटचा आकडा निर्णयासाठी पुरेसा ठरत नाही.

विजेची गरज

मदरबोर्डवरील पीसीआय एक्स्प्रेस खाचेतून कार्डाला कमाल ७५ वॅट वीज मिळते. जीटीएक्स १६५० हे ७५ वॅटचे कार्ड असून त्याच्या अनेक आवृत्त्यांना वेगळी केबल लागत नाही. आरटीएक्स ३०६० या कार्डाला १७० वॅट लागतात. त्यासाठी एनव्हिडिया ५५० वॅटच्या संचाची शिफारस करते. या आकड्यात प्रोसेसर व इतर भागांचा भार धरलेला असतो. शिवाय कार्ड क्षणार्धापुरती सरासरीपेक्षा बरीच अधिक वीज ओढते, तिचीही तरतूद त्यात असते. संच अपुरा असल्यास लेखनासारखी हलकी कामे सुरळीत चालतात. मात्र खेळ किंवा चित्रफीत-संपादन सुरू होताच संगणक बंद पडतो. अशा वेळी दोष नव्या कार्डात असल्याचा चुकीचा समज होतो.

लेबलाचे वाचन

संचाच्या लेबलावर १२ व्होल्टसमोर दिलेल्या अँपिअरला १२ ने गुणले असता त्या वाहिनीची क्षमता मिळते. उदाहरणार्थ, २५ अँपिअर लिहिलेले असल्यास ती ३०० वॅट होते, मग संचाच्या नावात ५०० हा आकडा का असेना. १२ व्होल्टच्या दोन वाहिन्या असल्यास त्यांची थेट बेरीज न करता लेबलावरील संयुक्त कमाल मर्यादा ग्राह्य धरावी.

जोडण्या

सहा पिनांच्या जोडणीतून ७५ वॅट, तर आठ पिनांच्या जोडणीतून १५० वॅट वीज देता येते. २०२२ पासून वापरात आलेल्या सोळा पिनांच्या जोडणीची मर्यादा ६०० वॅट आहे. प्रोसेसरची आठ पिनांची जोडणी दिसायला सारखी असली, तरी तिच्यातील तारांचा क्रम उलट असतो. ती कार्डाला लावू नये. साटा जोडणी १२ व्होल्टवर केवळ ५४ वॅट देऊ शकते. म्हणून तिच्यापासून सहा पिनांची जोडणी करून देणारे रूपांतरक वितळण्याचा धोका असतो. सुट्या होणाऱ्या केबलही एका संचाच्या दुसऱ्या संचाला वापरू नयेत.

तापमान आणि यूपीएस

गोंदियासह पूर्व विदर्भातील जिल्ह्यांत मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते आणि संगणकाच्या पेटीतील हवा खोलीतील हवेपेक्षाही उष्ण असते. काही संचांची क्षमता २५ अंशांवर, तर काहींची ४० किंवा ५० अंशांवर मोजलेली असते. उष्ण प्रदेशात दुसऱ्या प्रकारचा संच अधिक भरवशाचा ठरतो.

वीज खंडित होण्याची शक्यता असलेल्या ठिकाणी यूपीएसचाही हिशेब करावा लागतो. ६०० व्हीएच्या यूपीएसची क्षमता सामान्यतः ३६० वॅट असते. संगणकाच्या आतील भागांना ३०० वॅट लागत असतील आणि संचाची कार्यक्षमता ८५ टक्के असेल, तर भिंतीवरून सुमारे ३५३ वॅट घेतले जातात; मॉनिटर जोडताच ही मर्यादा ओलांडली जाते.

सुरक्षितता

कार्ड बसवताना संगणकाचा प्लग काढून ठेवावा. त्यानंतरही वीजपुरवठा संचातील धारित्रांत विद्युत प्रभार काही काळ टिकून राहतो. म्हणून संच उघडू नये. संगणक अर्थिंग असलेल्या तीन पिनांच्या सॉकेटलाच जोडावा.